पहिल्या दिवसाची मजबुती

विज्ञान कुणाची भीड ठेवत नाही, अशी सिरिंजच्या कारखान्यातल्या तपासणी विभागाच्या बाईंची श्रद्धा होती. ती जिन्याच्या अठरा पायऱ्या टिकली.

साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी सिरिंजचा दट्ट्या दाबला. कडकन आवाज झाला आणि प्लास्टिकचा तुकडा उडून साहेबांच्या चहात पडला.

"आठ महिन्यांपूर्वीचा लॉट," बाई म्हणाल्या. "यातलीच माझ्या ताईच्या हातात फुटली. बोटाला दोन टाके पडले, आणि इस्पितळानं निष्काळजीपणाचा मेमो तिलाच दिला. गुरुवारी चौकशी आहे. नर्सची नोकरी जाईल तिची."

साहेबांनी चमच्याने तुकडा बाहेर काढला.

"आपण तपासणी कधी करतो?"

"गॅमा किरणांखालून माल आला की दुसऱ्या दिवशी. ट्रक खोळंबलेला असतो म्हणून."

"तेव्हा फुटली होती?"

"तेव्हा नाहीच फुटत, साहेब. किरणं जंतू मारतात, तशी प्लास्टिकच्या साखळ्याही तोडतात. मग हवेतला ऑक्सिजन महिनोन् महिने तेच काम पुढे चालवतो. वरून सिरिंज जशीच्या तशी, आतून बिस्किट."

"म्हणजे आपल्याकडे होती तोवर चांगली होती."

"चांगली दिसत होती."

"आणि ही इतके दिवस कुठे होती?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

"मग बाई, आधी ड्रॉवरची चौकशी करायला हवी."

बाईंनी उरलेली सिरिंज टेबलावर ठेवली. अगदी हळू ठेवली.

"मला या लॉटबद्दल लेखी हवंय. आजच."

"देतो की."

साहेब इतक्या चटकन कबूल झाले, की जिना उतरताना बाईंना आपल्याच संतापाची थोडी लाज वाटली. संध्याकाळी शिपायाने बंद पाकीट आणून दिलं. ते तसंच घेऊन त्या ताईकडे गेल्या.

ताईने पट्टीचं बोट वर धरून पाकीट फोडलं, कागद पाहिला आणि परत घडी घातली.

"हा आहे माझ्याकडे. मेमोला जोडलाय त्यांनी. सिरिंज मजबूत असल्याचा दाखला आहे, म्हणजे नर्सचा हातच आडदांड, असं म्हणणं आहे त्यांचं."

बाईंनी घडी उलगडली.

"सही बघितली मी तुझी," ताई म्हणाली. "तिथं कुणाला सांगितलं नाही, बहीण आहे म्हणून. उगाच तुझ्या मागे लागायचे."

दाखला पाच वर्षं ग्राह्य होता.