अक्कांचं नाव आधीच होतं

माझा नवरा मकरंद हुशार आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून त्याला राग यायला नको. तो वेबसाइट बनवतो आणि मी लोकांनी बनवलेल्या वेबसाइटमधल्या चुका शोधते. दोघांच्या कंपन्या वेगळ्या आहेत. लग्न टिकवायचं असेल तर त्या वेगळ्याच असाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही मूळचे नागपूरचे, राहतो बेंगळुरूत मारतहळ्ळीला, आणि मराठी मंडळ मात्र इंदिरानगरचं. आम्हाला मूलबाळ नाही, तरी मंडळाच्या मुलांच्या वर्गांसाठी मकरंद धावपळ करतो. त्याला समाजसेवेची आवड आहे, आणि मंडळातल्या पुरणपोळीची त्याहून जास्त आहे.

मुलांचे वर्ग तीन. अक्षरओळखीचा वर्ग संध्याक्कांचा, त्यांच्याच घरात तळमजल्याच्या पुढच्या खोलीत. गाण्याचा आणि नाटुकल्यांचा हे दोन वर्ग पुण्याहून नव्या आलेल्या मंडळींनी सुरू केलेले. अक्कांचे यजमान वासुदेवअण्णा इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झाले. हे कुटुंब बेंगळुरूत इतकं जुनं आहे, की त्यांच्या मराठीत कन्नड कुठून शिरलं ते त्यांनाच ठाऊक नाही. पण आमच्या आयटीवाल्यांची इंग्रजीत स्वप्नं बघणारी पोरं 'बाळ'मधला 'ळ' स्वच्छ म्हणायला लागली, ती अक्कांमुळेच.

पूर्वी वर्गाला नाव घालायचं म्हणजे अक्कांना फोन करायचा, त्या "सरी, बरं, पाठवा" म्हणायच्या, संपलं. यंदा तिन्ही वर्ग एकाच वेळी आले, म्हणून एका मुलाला एकच वर्ग, आणि समितीला वाटलं की नोंदणी ऑनलाइन व्हावी. मकरंदनं एका संध्याकाळीत पान तयार केलं. प्रत्येक घराला व्हॉट्सॲपवर एक लिंक गेली. ती उघडली की मुलाचं नाव आणि त्याखाली तिन्ही वर्गांचा ड्रॉपडाउन. अक्कांचा वर्ग सगळ्यांत जुना, म्हणून तो पहिला.

"सबमिटचं बटण कुठाय?" मी विचारलं.

"बटणच नाही! तीच तर गंमत आहे. लोकांना किती क्लिक करायला लावायचं? वर्ग सिलेक्ट केला की लगेच सेव्ह. वर हिरवी टिक येते."

"दे, टेस्ट करते."

"एवढ्याशा पेजला काय टेस्टिंग, शलाका? तीन तर ऑप्शन आहेत."

माझी आई रिकाम्या डब्यांची झाकणं जपून ठेवते ना, कधीतरी लागतील म्हणून, तसं हे वाक्य मी जपून ठेवलं.

आठवड्याभरात मकरंदनं समितीला आकडे पाठवले. गाण्याला बरीच मुलं, नाटुकल्यांना त्याहून थोडी कमी, अक्षरओळखीला शून्य. जेवताना तो म्हणाला, "अक्कांच्या वर्गाला यंदा डिमांड नाही वाटतं."

"एकही नाही? असं कसं होईल?"

"डेटा आहे," तो म्हणाला आणि वरण वाढून घेतलं. डेटा म्हटलं की आमच्या घरात वाद संपतो. निदान त्याला तसं वाटतं.

शुक्रवारी अक्कांच्या सुनेचा, अमृताचा फोन आला. आवाज रडवेला होता. "शलाका, उद्या येशील का? आई पुढची खोली भाड्यानं देतायत. रविवारी सकाळी एक जण बघायला येणार आहे. आणि माझ्याशी बोलणं बंद केलंय त्यांनी."

"तुझ्याशी का?"

"शून्य म्हणजे आमच्या आर्याचंही नाव नाही ना! मी स्वतः भरलं होतं गं. त्यांना वाटतंय, मी आर्याला गाण्याला घातलं असेल, नाहीतर कुठंच घातलं नसेल, पण त्यांच्याकडं मुद्दाम पाठवलं नाही."

मला फार वाईट वाटलं. कारण अक्कांच्या मनात एक जुनी जखम होती, आणि ती मंडळातल्या सगळ्यांना माहीत होती. गेल्या वर्षी ग्रुपवर एका आईनं लिहिलं होतं, 'मुलगा घरी मला स्वल्प थांब म्हणतो. ही मराठी आहे का?' खाली हात जोडलेलं चित्र, म्हणजे अपमान नम्रपणे झाला. अक्कांनी ते वाचलं, उत्तर काही दिलं नाही. शून्याचा अर्थ त्यांनी काय लावला असेल हे सांगायला मी कशाला हवी?

शनिवारी सकाळी मी मकरंदला घेऊनच गेले. तो वाटेत तीनदा म्हणाला की पेजमध्ये काही प्रॉब्लेम नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

पुढच्या खोलीत अक्का सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. चिकपेटेच्या बाजारातून आणलेल्या त्या निळ्या सतरंज्या, शाईचे डाग पडलेल्या. फळा भिंतीवरून उतरवून उलटा टेकवला होता. वासुदेवअण्णा खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. ते नेहमीच तसे बसतात, त्यामुळे ते दुःखी आहेत की शब्दकोडं सोडवतायत हे कळायला मार्ग नव्हता.

"या, या. कॉफी टाकते," अक्का म्हणाल्या.

"अक्का, हे काय चाललंय?"

"काय गं, किती वर्षं शिकवायचं? आता नवीन लोक आलेत, चांगलं मराठी बोलतात. आमचं मराठी म्हणजे स्वल्प इकडचं, स्वल्प तिकडचं. पोरांना कशाला बिघडवू?" त्या हसल्या, आणि ते हसू बघवेना. "दुसऱ्यांचं सोड. घरच्यांनीच नको म्हटलं तर मी कुणावर रागावू?"

स्वयंपाकघराच्या दारात अमृता उभी होती. ती म्हणाली, "आई, मी भरलं होतं! आर्याशप्पथ."

"शपथ बेडा, घालू नको," अक्का म्हणाल्या. "नको असेल तर नको म्हण. खोटं बोलू नको."

अमृताच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला हाताला धरून आत नेलं. मकरंदही मागून आला, कारण ओट्यावर चिवड्याची बशी दिसली होती.

"फोन काढ," मी म्हटलं, "आणि त्या दिवशी केलंस तसंच्या तसं करून दाखव."

तिनं लिंक उघडली. वर 'आर्या' असं नाव, खाली ड्रॉपडाउनमध्ये 'अक्षरओळख – संध्याक्का'. तिनं ते पाहिलं, मान हलवली आणि पान बंद केलं.

"पुढं?"

"पुढं काय? झालं की."

"तू दाबलंस काय?"

"काय दाबायचं? आईंचं नाव आधीच होतं ना तिथं."

मी मकरंदकडं पाहिलं. त्याचा चिवडा घेतलेला हात बशीवरच थांबला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतकं सुंदर दृश्य मी क्वचितच पाहिलं आहे.

"एवढ्याशा पेजला काय टेस्टिंग," मी हळूच म्हटलं.

"एक मिनिट," तो पुटपुटला. "एक मिनिट. ते चेंज इव्हेंटवर आहे."

"म्हणजे?" अमृतानं विचारलं.

"म्हणजे... निवड बदलली की पानाला कळतं आणि ते सेव्ह करतं. बदललीच नाही तर..."

"तर याचं पान ढिम्म बसून राहतं," मी म्हटलं. "अमृता, आता गाणं निवड. आली हिरवी खूण? आता परत आईंचा वर्ग निवड. पुन्हा आली ना?"

खूण आली. अमृता फोनकडं बघतच राहिली. "म्हणजे आधी दुसरीकडं जाऊन मग आईंकडं परत आले, तरच मोजणार? आणि जे पहिल्यापासून त्यांच्याकडंच होते ते..."

"ते कुणीच मोजले नाहीत," मी म्हटलं.

मकरंद म्हणाला, "पण टिक आली नाही हे लोकांच्या लक्षात यायला हवं होतं ना?"

"खूण येते हे कुणाला माहीत? ज्यांना आली त्यांना. आणि तू स्वतः तपासताना काय निवडलं होतंस?"

"नाटुकल्या," तो म्हणाला. मग त्यानं हातातला चिवडा बशीत परत ठेवला. शेवटी म्हणाला, "मी सांगतो अक्कांना. माझी चूक आहे." यासाठी मला तो आवडतो. चूक कळायला उशीर लागतो, पण कळली की पळून जात नाही.

अक्कांना समजावणं सोपं गेलं नाही. त्यांना वाटलं, आम्ही तिघं मिळून त्यांची समजूत काढायला काहीतरी रचून आणलंय. "यंत्राला माझं नाव दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं, असं म्हणतोस?" त्यांनी मकरंदला विचारलं.

"अक्का, तसंच समजा. यंत्राला नाव बदलल्याचं तेवढं कळत होतं. तुमचं नाव कुणी बदललंच नाही, म्हणून त्याला वाटलं कुणी काही निवडलंच नाही."

"आणि खरंच नको असलेले किती, तेही यात कळणार नाही. हौदु ना?"

अक्का शिक्षिका आहेत; नेमका प्रश्न विचारतात. हो, तेही कळणार नव्हतं. ज्यांनी लिंक उघडलीच नाही तेही त्याच शून्यात होते.

"मग नको," त्या म्हणाल्या. "एकदा शून्य ऐकलं, पुरे झालं. परत ऐकायची ताकद नाही माझ्यात." आणि सतरंजीची पुढची घडी घातली.

तेवढ्यात पेपर खाली आला. "दुरुस्त कर," वासुदेवअण्णा मकरंदला म्हणाले. आम्ही आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "आत्ता, इथंच बसून कर."

मकरंदनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पहिल्या जागी आता कुणाचंच नाव नव्हतं, 'वर्ग निवडा' एवढंच होतं. म्हणजे अक्का हव्या असतील तर बोट लावून त्यांचं नाव निवडायला लागणार. शिवाय मी उभी राहून एक बटणही टाकून घेतलं. या वेळी प्रत्येक पर्याय मी तपासला, दोन फोनवर, आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. मग मी ग्रुपवर लिहिलं, 'पानात चूक होती. आधी भरलं असेल तरी सर्वांनी कृपया आज पुन्हा निवडा.' चूक कुणाची ते लिहिलं नाही. लोकांनी ते ओळखलंच.

ग्रुपवर गलका झाला. 'अहो, आम्ही तर केलं होतं!' 'अक्कांचाच वर्ग दिसत होता ना?' एका बाबांनी लिहिलं, 'अक्कांकडे नाही तर कुठे जाणार?' मी हे सगळं अक्कांना वाचून दाखवत होते, आणि त्या जणू ऐकतच नव्हत्या. चटणीला फोडणी देत होत्या, आणि ती थोडी करपली.

पानावर नावं येऊ लागली. अण्णा चष्मा चढवून मकरंदच्या शेजारी बसले आणि एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले. पहिलं आलं आर्याचं. अमृतानं फोन मुद्दाम सासूबाईंच्या समोर धरून बटण दाबलं होतं. अक्कांनी गॅस बंद केला आणि तिच्या गालाला हात लावला. "मी तुला आधी विचारायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं." मग दोघी थोडा वेळ रडल्या, आणि मकरंदनं स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत.

खोटं कशाला सांगू, सगळी मुलं काही अक्कांकडं आली नाहीत. हात जोडणाऱ्या बाईंचा मुलगा नाटुकल्यांनाच गेला. अक्का म्हणाल्या, "जाऊ दे, अभिनय चांगला करेल. आईकडून आलाय." पण खोली भरेल इतकी नावं दुपारपर्यंत आली. अण्णांनी रविवारी येणाऱ्या माणसाला फोन करून सांगितलं की खोली रिकामी नाही. हे त्यांनी कुणाला न विचारताच केलं.

आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेव्हा त्यांनी मकरंदला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. मकरंदनं माझ्याकडं पाहिलं, मग लॅपटॉप पुन्हा उघडला, अण्णांच्या फोनवर एक लिंक पाठवली. अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटानं ड्रॉपडाउन उघडला, निवडलं आणि बटण दाबलं. हिरवी खूण आल्याची दोनदा खात्री केली.

"आणखी एक आलं गं," त्यांनी हाक मारली.

"कुणाचं?" अक्का पदराला हात पुसत आल्या आणि स्क्रीनवर वाकल्या. अक्षरओळख, विद्यार्थ्याचं नाव वासुदेव.

"हे काय? तुम्हाला मराठी येत नाही की काय?"

"येतं," अण्णा म्हणाले. "पण लग्नापासून तुझं नाव आधीच होतं ना, म्हणून मीही कधी काही दाबलं नाही. या मकरंदनं सांगितलं, तसलं कुठं मोजलं जात नाही म्हणे."

मकरंदनं माझा हात धरला. एरवी तो लोकांसमोर कधी धरत नाही.

मग अक्का वळल्या, उलटा टेकवलेला फळा उचलू लागल्या, आणि अण्णा मदतीला उठले तसं म्हणाल्या, "रविवारी दहाला सुरू. मागच्या ओळीत बसायचं, आणि पेपर आणायचा नाही."