छप्पर फोडून आलेला दगड

मी एक जुना हातोडा आहे. गवंड्याचा नव्हे, लोहाराचाही नव्हे, दगड पारखणाऱ्यांचा. माझं एक टोक चौकोनी, दुसरं छिन्नीसारखं धारदार. अखंड पोलादातून मला घडवलं. बोईसरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या पूर्वीबाईंनी मला विकत घेतलं आणि आम्ही आसपासच्या कितीतरी खदानी पालथ्या घातल्या. बाई उगाच घाव घालत नसत. आधी दगड डोळे भरून निरखायच्या, मग मला हलकेच टेकवायच्या. त्यांच्या हातात मला माझा अभिमान वाटायचा.

पण मित्रांनो, मनोरजवळच्या एका खदानीत आम्ही शेवटी कुणालाच नकोसे झालो.

खदानीला लागून चिमीचं घर होतं. ओट्यावर एक काळा दगड पडला होता आणि त्याच्या पोटात सुयांसारख्या फिकट हिरव्या स्फटिकांचा झुपका चमकत होता. बाई वाकल्या, तशी चिमी दारातून म्हणाली, "दगडच बघाया येतात सगले. वरचा भोक कोन बघत नाय."

बाईंनी दारातून आत, वर पाहिलं. कौलं फुटून आभाळ दिसत होतं. सुरुंगाने उडालेला तो दगड छपरातून थेट चुलीपाशी आदळला होता; नंतर तो ओट्यावर आणून ठेवला होता. चिमी तेव्हा पाण्याला गेली होती, म्हणून वाचली.

बाईंनी दोन सुया मागितल्या. चिमीने दिल्या, पण बसायला सांगितलं नाही.

बाईंनी एक सुई खरवडून पाहिली, आम्लाचा थेंब टाकून पाहिला. दुसरी मुंबईला क्ष-किरणांनी तपासून घेतली. ती माहीत असलेल्या एकाही खनिजाशी जुळेना. नवं खनिज म्हणून तिचं वर्णन करायचं, तर मोठा नमुना हवा होता आणि तो कुठे, कसा मिळाला हेही लिहायला हवं होतं.

खदानीचा मालक हितेश स्वतः आम्हाला आत घेऊन गेला. कातळात हातभर रुंद पोकळी होती, अशाच सुयांनी गच्च भरलेली. बाईंनी वाकून आधी ती नुसती निरखली.

"सगळं तुमचं, मॅडम," हितेश म्हणाला. "फक्त लिहायचं, नमुना इथे कातळात मिळाला. घराबिराचं नाव नको."

"पहिला नमुना घरात पडला होता."

"तो दगड आहे. तो काय बोलणार?"

"म्हणूनच मला लिहायला हवं," बाई म्हणाल्या.

"मग इथलं काहीच मिळणार नाही," म्हणत हितेशने मला बाईंच्या हातातून हिसकावलं आणि माझ्याच चौकोनी टोकाने ती पोकळी ठेचायला सुरुवात केली. कोट्यवधी वर्षं अंधारात वाढलेल्या त्या सुयांचा क्षणात चुरा झाला. कडेला उभ्या मजुरांतला एकही पुढे आला नाही. शेवटी हितेशने मला खाली फेकलं. माझी धार कातळावर आपटून तुटली.

बाईंनी मला उचललं आणि त्या चिमीकडे परतल्या. आता जगात तिच्या ओट्यावरचा दगड, तेवढाच एक नमुना उरला होता. बाईंनी तो मागितला, तशी चिमीने दगड उचलून पुढे धरला.

"ने," ती म्हणाली. "पन लिव, माज्या चुलीपाशी पडला. नाय लिवलास तर परत आनून दे."

बाईंनी तसंच लिहिलं. खनिजाला मान्यता मिळाली, बाईंचा सत्कार झाला. ते छापील वर्णन घेऊन खाण खात्याचे अधिकारी खदानीवर आले आणि घराकडच्या बाजूचे सुरुंग बंद झाले. पण त्याच बाजूला चिमीचा नवरा भिका कामाला होता. त्याचं काम सुटलं.

बाई भेटायला गेल्या, तेव्हा चिमी दारातच उभी राहिली.

"कौलं नवी घातली," ती म्हणाली. "सुरुंगाची भीती नाय आता. पन तू परत येव नको."

बाई तशाच मागे वळल्या. त्यानंतर त्यांनी मला कपाटात ठेवलं. माझ्या अंगावर गंज चढला आहे. मित्रांनो, कुणी तेलाचं बोट फिरवलंत तर मला बरं वाटेल. पण एक गोष्ट त्याहून मोठी आहे. कधी एखादा सुंदर दगड उचललात, तर त्याच्यावरची माती खुशाल धुवा. तो कुणाच्या घरातून आला, ते मात्र धुऊन टाकू नका.