मामांची पक्की जाळी

टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की उडत नाहीत, चालायला लागतात. मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण जाळी लावताना आठवलं नाही. आठवलं ते आज, पिल्लं जाळीच्या कडेने इकडून तिकडे धावताना दिसली तेव्हा. जाळीच्या पलीकडे त्यांचं पाणी होतं आणि पलीकडूनच त्यांची आई ओरडून ओरडून त्यांना बोलावत होती.



मामांचं काम जाळीचं. पाणथळीच्या कडेने रस्ता काढायचा तर कायद्याने आधी कुंपण लागतं. गुडघ्याएवढी, ताडपत्रीसारखी जाड जाळी, खालची कड मातीत पुरलेली, म्हणजे बेडूक-कासवं यंत्राखाली येत नाहीत. मामा ती अशी लावत की आत शिरायचं तर मुंगीलाही विचार करावा लागे. घरी मच्छरदाणीसुद्धा ते तशीच खोचत, आणि सकाळी मामींना तिच्यातून बाहेर पडायला यांनाच हाक मारावी लागे. कामावर त्यांना सगळे मामा म्हणत ते मात्र जावयामुळे. जावई इथेच माती उपसायचं पोकलेन चालवायचा, सासऱ्याला मामा म्हणायचा, त्याचं ऐकून मुकादमापासून सगळ्यांचेच ते मामा झाले.

हा जावई गेले काही आठवडे मामांशी धड बोलत नव्हता. रस्त्याच्या बरोबर मधोमध टिटवीने खडीत अंडी घातली, ती मामांना दिसली आणि मामांनी ती वन्यजीव खात्याच्या मॅडमना दाखवली. मॅडमनी घरट्याभोवती लांबून दोर बांधला. दोराच्या आत यंत्र नाही, पिल्लं निघून पाण्याकडे गेली की मगच दोर सुटणार. झालं, पोकलेन उभं राहिलं आणि कामासाठी सासुरवाडीत उतरलेला जावई घरी बसला. पहिले काही दिवस मामींनी त्याचं कौतुक केलं. मग त्याने स्वयंपाकघरातला चांगला चालणारा नळ दुरुस्त केला आणि तेव्हापासून तो गळू लागला. अलीकडे मामीसुद्धा रोज टिटवीची चौकशी करत.

आज पिल्लं निघाल्याचं कळलं तसा जावई हौसेने कामावर हजर झाला. चावी हातातच होती. सासऱ्याचा पडलेला चेहरा पाहून त्याने विचारलं, आता आणखी काय झालं?

"बाहेर कशी जाणार ती?" मामा म्हणाले. "वाट कुठे ठेवलीय मी?"

पिल्लं आता थकली होती. जाळीच्या बोटभर सावलीत अंग चोरून बसली होती. ऊन चढत होतं, सावली आटत होती आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. मामांनी खिशातून सुरी काढली तसा मुकादम धावत आला. परवानगीशिवाय जाळी कापली तर सगळं काम बंद पडेल, तुम्हाला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, पिल्लांना हात लावलात तर तोही गुन्हाच, असं त्याने एका दमात ऐकवलं. मुकादम तोंडाळ होता, पण खोटं बोलत नव्हता. मामांनी सुरी मिटली. जाळी पक्की असल्याचा त्यांना जन्मभर अभिमान होता, आज पहिल्यांदाच त्यांना तिची लाज वाटली.

त्यांनी मॅडमना फोन लावला. जरा आडून सांगावं, असं एकदा मनात आलं, पण तेवढा धीर नव्हता.

"मॅडम, माझी चूक झाली. पिल्लं जाळीच्या आत कोंडली गेलीत."

पिल्लं नेमकी कुठे आहेत ते मॅडमनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "कापू नका. आतल्या बाजूने माती टाका, जाळीच्या काठापर्यंत उतार करा. ती चढून पलीकडे उडी मारतील आणि बाहेरचं काही आत येणार नाही. हातानेच करा, यंत्र नको. मी निघालेय."

मामांनी फावडं घेतलं. जावयाने पोकलेनकडे एकदा पाहिलं. त्याच्या एका घासाचं हे काम. मग चावी खिशात टाकून त्याने घमेलं उचललं. टिटवी दर खेपेला त्याच्याच डोक्यावर झेप घेई, मामांकडे ढुंकूनही बघत नसे. डोक्यावर टोपी दाबून तो वाकून धावायचा, माती ओतायचा, पुन्हा धावायचा. एरवी मामा हसून लोटपोट झाले असते. आज त्यांनी फावड्यावरून मान वर केली नाही.

उतार झाला, मॅडमही पोचल्या. पण पिल्लं जागची हलेनात. मॅडमनी सगळ्यांना लांब पोकलेनच्या मागे नेलं. आपण तिथे उभे आहोत तोवर ती चढायची नाहीत, म्हणाल्या. मामा यंत्राच्या लोखंडी पट्ट्याला टेकून जाळीकडे पाठ करून बसले. बघवत नव्हतं. जावई मॅडमची दुर्बीण डोळ्यांना लावून उभा होता.

टिटवीचं ओरडणं थांबलं. मामांनी डोळे मिटून घेतले.

"मामा," जावई हळूच म्हणाला, "गेली. सगळी गेली. शेवटचं तर तोंडावर आपटलं, उठलं आणि आईच्या मागे पळालं बघा."

मामांचा जीव भांड्यात पडला. उठायला त्यांनी पोकलेनला हात टेकला. जावयाने दुर्बीण त्यांच्या हातात दिली, काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पाण्याच्या काठाला गवत हलताना दिसलं, बाकी सगळं धूसर. दुर्बीण बिघडलीय, असं मामा म्हणाले, आणि मॅडमनी ते मान्य केलं.

मग मॅडमनी सांगितलं की झालेलं सगळं वर कळवावं लागेल. जाळी तपासून पास त्यांनीच केली होती, बाहेरची वाट त्यांनाही सुचली नव्हती, तेव्हा चूक त्यांच्या नावावर जाईल.

"माझंही नाव घाला," मामा म्हणाले. "जाळी मी लावलीय."

मॅडमनी मान डोलावली. दोर सोडून गुंडाळला आणि जावयाला म्हणाल्या, आता खुशाल काम करा.

मामा तोवर फावडं खांद्यावर टाकून जाळीच्या दुसऱ्या टोकाकडे निघालेसुद्धा होते. आत आणखी कोण अडकलं असेल कुणास ठाऊक, सगळ्या बाजूंनी उतार घालायलाच हवे होते. जावई त्यांच्या पाठमोऱ्या, घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे बघत राहिला.

"मामा, फावडं ठेवा," तो म्हणाला. "आता यंत्र चालतंय इथे. मी टाकतो माती."

इतक्या आठवड्यांनी पोकलेन सुरू झालं. रस्ता तसाच मागे ठेवून ते जाळीच्या कडेकडेने सावकाश निघालं. पुढे मामा उलटे चालत होते, आणि किती लांब थांबायचं ते जावयाला हाताने दाखवत होते.