मी, ताईंच्या पोटातली नळी

मी एक नळी बोलतेय. माझं एक टोक ताईंच्या ओटीपोटात होतं, दुसरं पलंगाशी लोंबणाऱ्या पिशवीत. म्हणून मी सदा अर्धवट झोपेतच असायचे. आत उबदार अंधार, बाहेर खिडकीतलं ऊन. त्यातलं खरं कुठलं, मला धड सांगता यायचं नाही.

कारखान्यातून निघाले, पाकिटात बंद पडून राहिले, तेव्हाचं काहीच आठवत नाही. ताईंच्या गर्भाशयाचा कॅन्सर काढला, त्या दिवशी मला जाग आली. आत साठणारं पाणी बाहेर आणायचं, एवढंच माझं काम. आधी ते लाल होतं, मग गुलाबी, मग फिकट. सिस्टर ते मोजून ओतायच्या आणि खूश व्हायच्या.

ताईंजवळ त्यांची धाकटी बहीण असे. भारी टापटिपीची! एका दुपारी माझ्यातून पातळ, कोमट पाणी भराभर यायला लागलं. पिशवी टम्म फुगली. नेमके पाहुणे भेटायला यायचे होते. "शी, लोकांना काय दाखवायचं हे!" म्हणत धाकटीने सगळं मोरीत ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. मला ओरडायचं होतं, पण नळीला कुठला आलाय आवाज!

थोड्या वेळाने डॉक्टर आले. पिशवी जवळजवळ रिकामी. "छान! उद्या नळी काढू, मग घरी."

ताईंचा चेहरा खुलला. धाकटीचा मात्र पडला. "डॉक्टर, ते... मीच ओतलं. दोनदा. पाण्यासारखं होतं."

"गप गं! मला घरी जायचंय."

"जाशील गं ताई, पण धड होऊन जा."

पाणी तपासलं, तर ती लघवी निघाली. मूत्रपिंडातून खाली येणारी वाट झिरपत होती. मला काढलं असतं तर लघवी पोटातच साचून ताईंच्या जिवावर बेतलं असतं. डॉक्टरांनी त्या वाटेत एक बारीक नळी बसवली आणि झिरपणं हळूहळू थांबलं. घरी जाणं मात्र लांबलं. ताई धाकटीशी बोलेनाशा झाल्या. ती उशी नीट करी, पाणी देई. ताई भिंतीकडे तोंड करून पडत. मला फार वाईट वाटायचं.

आज मला काढलं. आता कचऱ्याच्या डब्यात पडलेय, डोळे मिटत चाललेत. जाता जाता एवढंच सांगते, नळीतून जे येतं त्याची लाज धरू नका. आधी सिस्टरना दाखवा, मग खुशाल ओता.

दाराशी पावलं वाजतायत. दोघी निघाल्या. धाकटीचे दोन्ही हात सामानाने भरलेले. आणि इतक्या दिवसांनी ताईंचा आवाज आला.

"ते सामान ठेव गं खाली. आधी मला हात दे."