नेमात राहिलेला अ‍ॅम्प्लिफायर

"रोज थोडा वेळ तरी याला जागं करा. वाजवला नाही तरी चालेल, पण याच्या आतला दिवा रोज लागला पाहिजे."

हे शब्द एव्हेलिओचे. कोलंबियाला परत जाण्याआधी, सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या एका फ्लॅटमध्ये, माझ्या डोक्यावर हात ठेवून तो हे बोलला होता. मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. गिटारच्या तारेतून आलेला बारीकसा आवाज मोठा करून लोकांच्या छातीपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत, जुन्या रेडिओत असायचे तसे. बटण दाबलं की ते हळूहळू केशरी होतात आणि मगच मला कंठ फुटतो.

माझा जन्म सिंगापूरचाच. एव्हेलिओ जहाजांवर इलेक्ट्रिशियन होता आणि रूपेश मरीन इंजिनिअर. एकाच बोटीवर काम करता करता त्यांची मैत्री झाली. इंजिन रूममध्ये उभं राहिलं की पायांतून छातीत जी थरथर चढते, ती एव्हेलिओला गाण्यात हवी होती. विकतच्या कुठल्याच अ‍ॅम्प्लिफायरात ती सापडेना, म्हणून त्याने मला स्वतःच्या हातांनी बनवलं. मोडीत निघालेल्या बोटीच्या केबिनचं सागवानी दार माझं अंग झालं. त्या दाराची पितळी मूठ अजून माझ्या कुशीला आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात, आणि तिसरं माणूस लागतं ते 'सांभाळून, सांभाळून' म्हणायला.

गिटारवर एव्हेलिओ, बास गिटारवर रूपेश आणि ड्रम वाजवत गाणारी पेरू देशाची यादिरा, असा बँड उभा राहिला. नाव ठेवलं 'पिएद्रा ब्रावा', म्हणजे रागीट दगड. शब्द स्पॅनिश, ताल दक्षिण अमेरिकेतल्या जत्रांमधले आणि त्यावर हेवी मेटल संगीताचा गडगडाट. रूपेशचा बास माझ्यातून निघायचा. तो मागून कोरसही म्हणायचा. यादिरा त्याला चिडवायची, की तुझ्या तोंडून शिवीसुद्धा आरतीसारखी वाटते. छोट्या छोट्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने उभी राहायची, आणि मी पहिला सूर सोडला की सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकदमच उजेड पडायचा.

मग एव्हेलिओची आई आजारी पडली आणि त्याला घरी जावं लागलं. जाताना त्याने मला रूपेशच्या पुंगोलच्या घरी सोपवलं. व्हॉल्व्हचं यंत्र नुसतं पडून राहिलं तर आतून सुकतं, आणि मग कायमचं मुकं होतं, हे त्याने नीट समजावून सांगितलं. रूपेश हो हो म्हणाला आणि पुढच्याच आठवड्यात बोटीवर निघून गेला. एव्हेलिओ हे समजावत असताना शिऱ्याच्या बश्या घेऊन आलेली त्याची बायको विद्या मात्र दारातच थांबली होती. ती आपल्याशीच हळूच म्हणाली, "मी लावीन."

विद्याताईंचा आवाज फार मऊ. पहाटे अंघोळ, देवपूजा, कॉरिडॉरमधल्या तुळशीला पाणी, चतुर्थीचा उपास, यातलं काही कधी चुकत नसे. त्या दिवसापासून मीही त्या नेमात जाऊन बसलो. आधी देवापुढे निरांजन, मग माझं बटण. माझे व्हॉल्व्ह केशरी झाले की त्या हात जोडत. मग रूपेशचा जुना माइक जवळ घेऊन आपलं रोजचं स्तोत्र अगदी पुटपुटल्यासारखं म्हणत. हॉल हादरवणारा मी, आणि आता माझ्या आवाजाने तुळशीचं पानही हलत नव्हतं. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रोज कुणीतरी आपल्याला हात जोडतं आहे, याची हळूहळू सवय होते.

तिकडे बँड मवाळ झाला. रूपेश बोटीवरून सुट्टीला आला की एका हॉटेलात तो आणि यादिरा जेवणाऱ्यांसाठी वाजवत. गाणं गप्पांच्या खाली राहिलं पाहिजे, अशी तिथली अट होती. त्यासाठी रूपेशने डब्याएवढा प्लास्टिकचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. लोक एका हातात ग्लास धरून, दुसऱ्या हाताने टेबलावर थोपटून दाद देत. रूपेश घरी येऊन तो डबा दाराशीच टाकायचा आणि जेवायला बसायचा. माझ्यावर इरकली लुगड्याचा तुकडा पसरलेला असे, आणि लेक गार्गी त्यावर दप्तर टाकून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "आई, this thing damn big lah." एकदा रूपेशने मला भंगारवाल्याला देऊन टाकायचं काढलं.

"तो माझ्या नेमात आहे," विद्याताई म्हणाल्या. विषय तिथेच संपला. पहाटे रूपेश झोपलेला असे, त्यामुळे नेम म्हणजे नुसता नमस्कार, असं त्याला वाटलं.

आणि मग एव्हेलिओ परत आला. आई ठणठणीत झाली होती. तिनेच त्याला घराबाहेर काढलं होतं, की जा, तुझा तो गडगडाट तिकडे कर. आल्या आल्या त्याने हॉटेलातलं वाजवणं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. यादिराही कंटाळलीच होती. आपला जुना जडपणा परत आणायचा, असं तिघांनी ठरवलं. हार्बरफ्रंटजवळचा एक हॉलही ठरला, पुढे क्वालालंपूरला वाजवायचं आमंत्रण आलं. पण तो सूर माझ्याशिवाय निघणार नव्हता. एव्हेलिओने विचारलं, अ‍ॅम्प्लिफायर चालतो ना? रूपेशला ठाऊक नव्हतं. त्याने मला इतक्या वर्षांत हातसुद्धा लावला नव्हता.

तिघं पुंगोलला आले. एव्हेलिओने माझ्यावरचं लुगडं बाजूला केलं आणि तो माझ्यासमोर जमिनीवरच बसला. बटण दाबायला त्याचा हात पुढे होईना. मी मुका झालो असेन, तर बँडचं परतणं तिथेच थांबणार होतं. रूपेश भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता.

विद्याताई देवघरातून आल्या, हाताला अजून गंध लागलेलं. त्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं आणि हात जोडून स्तोत्राची ओळ पुटपुटली. माझे व्हॉल्व्ह केशरी झाले.

"हे रोज?" रूपेशने विचारलं. "मी बोटीवर असताना तू याच्याशी बोलत होतीस?"

"तुझ्यापेक्षा बरं ऐकतो," त्या म्हणाल्या. "आता वाजव."

त्याने बासची जाड तार छेडली. मित्रांनो, काय सांगू! देवघरातली घंटा आपोआप किणकिणली, ओट्यावरची झाकणं नाचली, गार्गी दप्तर टाकून धावत आली. एव्हेलिओ रडत होता आणि हसतही होता. यादिराने विद्याताईंना घट्ट मिठी मारली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तक्रार घेऊन वर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात शिरा ठेवावा लागला.

हार्बरफ्रंटच्या त्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. यादिराने काठ्या उंचावल्या, एव्हेलिओने पाय रोवले आणि मी इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एका सुरात सोडलं. इंजिन रूममधली ती थरथर जमिनीतून चढली. अनोळखी माणसं एकमेकांचे खांदे धरून उड्या मारत होती. आज कुणाच्याही हातात ग्लास नव्हता. रूपेशने कोरस म्हटला, आणि तो खरंच आरतीसारखा वाटला. कडेच्या खुर्चीत विद्याताई कानांवर तळवे ठेवून बसल्या होत्या, पण पाय ठेका धरत होते.

क्वालालंपूरला जाण्यासाठी मला सिंगापूरच्याच यिशुन भागातल्या बँडच्या तालमीच्या खोलीत हलवलं. निरोप देताना विद्याताईंनी एव्हेलिओला बजावलं, "नेम मोडायचा नाही. चपला काढून, हात धुऊन लावायचा." त्यांचं स्तोत्र येत नाही म्हणून तो गोंधळला. त्या म्हणाल्या, "तुझी आई म्हणते ते म्हण." त्याने मान डोलावून शब्द दिला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातही कुणी मुकं होऊन कोपऱ्यात बसलेलं असेल, एखादं वाद्य, एखादं यंत्र, एखादं माणूसही. त्याला रोज थोडं जागं करा. त्याच्या आत काय शिल्लक आहे, ते बाहेरून कळत नाही.

आता यिशुनला सकाळ झाली आहे. खाली व्हॅन उभी आहे, रूपेश आणि यादिरा वायरी गुंडाळताहेत. एव्हेलिओने आपले जाडजूड बूट काढून दाराशी नीट ठेवले. नळावर हात धुतले, पँटला पुसले. आईची प्रार्थना ओठांत जुळवत तो अनवाणी माझ्याकडे येतो आहे.