अर्धी वाट

दोघींनी दोन्हीकडून हात लावला, कुंदाबाईने खालून गुडघ्याचा टेकू दिला, तेव्हा कुठे पाटी भागाबाईच्या डोक्यावर चढली. चुंबळ नीट बसेपर्यंत ती डोळे मिटून उभी राहिली. मग तिने मान जरा डावी-उजवीकडे हलवून पाहिली.

"सोडा आता."

"इतकं वझं घेऊन कशी जाशीन वं?" कुंदाबाईने विचारलं.

"रोज जाते तशी."

रोजच्यासारखं काही नव्हतं ते. रोजची पाटी वीस शेरांची. आजची तीसच्या वर होती. खालची वांगी भागाबाईच्या मळ्यातली आणि वरची, केळीच्या पानाने वेगळी केलेली, बेबाबाईची. बेबाबाई घरी खाटेवर पडून होती, पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला. दिवाळीपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही, असं हाडवैद्याने बजावलं होतं. वांग्यांना हाडवैद्याचं कोण ऐकणार? ती झाडावर फुगत होती, पिकून पिवळी पडायला आली होती. तेव्हा भागाबाईच तिला म्हणाली होती, तुझा पाय जुळेपर्यंत तुझी वांगी माझ्या डोक्यावर.

सात जणी असोद्याच्या वेशीबाहेर पडल्या आणि एकीमागे एक जळगावच्या वाटेला लागल्या. तेहेतीस सालचा आश्विन होता. परतीचा पाऊस चार दिवस धो धो कोसळून नुकता उघडला होता. रस्त्याच्या मधोमध लोकल बोर्डाने खडी-मुरूम टाकला होता, तेवढा पट्टा टणक. दोन्ही कडांना काळी माती, आणि ती नुसती लोण्यासारखी मऊ झालेली. ओढ्याजवळ गुडघाभर उंचीचा भराव होता, दोन शेतं लांबीचा. तिथे तर वाट आणखीच अरुंद व्हायची.

या भरावावरून आजवर सगळेच जात आले होते. कपाशीच्या गाड्या, गुरं, पायी जाणारे. पोस्टातला शिपाई भरावावर आला की सायकलवरून उतरायचा, ती हाताने धरून चालायचा आणि समोरून बायका आल्या तर कडेला होऊन उभा राहायचा. कुणाला कधी सूचनेची पाटी लावायला लागली नव्हती, की इथून याने जावं आणि तिथून त्याने. गणपती उठले आणि जळगाव-भादली सर्व्हिस मोटर सुरू झाली. त्या दिवसापासून भोंगा वाजला की रस्ता रिकामा व्हायला लागला. पोस्टाचा शिपाई तर सायकल खांद्यावर घेऊन चिखलात उतरायचा. बायकांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एवढी मोठी वस्तू अंगावर येते आहे म्हटल्यावर माणूस उतरणारच.

आठ दिवसांपूर्वी त्या अशाच उतरल्या होत्या. डोक्यावर ओझं असलं की पायाखाली बघता येत नाही. बेबाबाईचा पाय घसरला, ती पाटीसकट खाली गेली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मोटर थांबली नाही. थांबायला ती काही बेबाबाईला लागली नव्हती.

त्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढे भागाबाई होती. ती उतरली म्हणून मागच्या उतरल्या. बेबाबाईने तिला त्याबद्दल अक्षराने बोल लावला नाही, आणि तेच भागाबाईला जास्त लागलं होतं.

"शेतातल्या पायवाटीनं जाऊ ना वं," मागून कोणीतरी म्हणालं. "माहे मालक बी तेच म्हनत होते."

"मंग बाजारात पोचशीन कवा? उन्हं डोक्यावर आल्यावर? गिऱ्हाईक काय तुह्यासाठी बसून राहीन?" भागाबाई म्हणाली.

ते खरंच होतं. पायवाट ओढ्याला वळसा घालून जायची, दुप्पट लांब पडायची. सकाळचं गिऱ्हाईक हुकलं की वांगी गुरांपुढे टाकायच्या लायकीची. रस्ता सोडला तर बाजारही सुटला, एवढं साधं होतं सगळं.

भराव अर्धा झाला आणि समोरून भोंगा ऐकू आला.

मागच्या सहाही जणी थबकल्या. दोघींचे पाय आपोआप कडेकडे वळले.

"कोन्ही उतरू नका," भागाबाई मागे न बघता म्हणाली. मागे बघणं तिला शक्यही नव्हतं. "डाव्या अंगानं चला. एकीमांगं एक."

"अवं, पन तो थांबला नही तं?"

"तं मी पुढं आहे."

मोटर जवळ आली. लाल मडगार्ड, टपावर कापडाचे गठ्ठे, आत माणसं दाटीवाटीने बसलेली. भोंगा आता थांबतच नव्हता.  भागाबाईला पळावंसं वाटलं, हे ती पुढे कधीच नाकारत नसे. पण तीस शेर डोक्यावर घेऊन पळणार कुठे? तिने उजव्या हाताने पाटी धरली, डावा हात कमरेवर ठेवला आणि एक एक पाऊल टाकत राहिली. अर्ध्या रस्त्यात. ना तसूभर जास्त, ना तसूभर कमी.

मोटर दोन हातांवर येऊन थांबली. इंजिनाची धग तिच्या तोंडावर आली.

"ए बाई! मरायचंय का?" ड्रायव्हरने बाहेर डोकं काढलं. तिशीचा, काळासावळा माणूस, खाकी कोटाची वरची गुंडी तुटलेली. "बाजूला हो!"

"कुठी होऊ, भाऊ? खाले चिखूल आहे."

"म्हणून मोटर चिखलात घालू? सोळा माणसं आहेत आत."

"लोटन, अरे बोलत काय बसलास?" मागच्या बाकावरून कापडवाले बन्सीलाल ओरडले. त्यांना भादलीचा बाजार गाठायचा होता. "घाल पुढं. आपोआप उतरतील सगळ्या. आणि नाहीच उतरल्या तर नावं लिहून घे. फौजदाराकडे देऊ."

"भागाबाई असोदेकर," भागाबाई म्हणाली. "लिव्हा."

आत कोणीतरी हसलं. लोटन हसला नाही. त्याचा हात भोंग्याकडे गेला.

"भाऊ, माहा बाप जीवराम गाडीवान," ती म्हणाली. ओझ्यामुळे तिचा आवाज दबून येत होता, पण थांबत नव्हता. "कपाशी घिऊन जिनिंगात जाये. मी लहान असतानी गाडीत बसे. रिकामी गाडी असली का तो समोरच्या भरेल गाडीले वाट दे. स्वता उतरे चिखलात. समोरच्याची वयख असो, नसो. आन् दोन्ही गाड्या भरेल असल्या का अर्धी वाट याची, अर्धी त्याची. तुमची मोटर भरेल आहे, नही नही म्हनत. पन मी बी भरेल आहे. मी माह्या अर्ध्यात उभी आहे. तुमच्या अर्ध्यात मी पाय ठेवेल असन तं दाखवा."

तिचं म्हणणं एवढंच होतं. एवढं एकसलग ती घरातही कधी बोलली नव्हती. मान थरथरायला लागली होती. मागे कुंदाबाई तिला अगदी चिकटून उभी होती, आणि तिच्यामागे बाकीच्या. कोणीही उतरलं नव्हतं.

लोटन तिच्याकडे बघत राहिला. मग तो खाली उतरला. बन्सीलाल पुन्हा ओरडले, त्याने ऐकलं नाही. रस्त्याच्या त्याच्या बाजूच्या कडेला जाऊन त्याने टाच मातीत रुतवून पाहिली, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा रुतवली. तिसऱ्या ठिकाणी टाच फारशी आत गेली नाही. तो परत चढून बसला आणि मोटर मुंगीच्या पावलाने कडेला घ्यायला लागला. एका बाजूची दोन चाकं मुरमावरून उतरली. मोटर कलली. आत आरडाओरडा झाला, टपावरचा एक गठ्ठा सरकला, पण मोटर टिकली.

सात पाट्या एकामागे एक तिच्याजवळून गेल्या. भागाबाई पुढे होती, तिच्या पाटीची कड मोटरीच्या पत्र्याला जेमतेम चाटली.

"आज दिली वाट," लोटन दातांतल्या दातांत म्हणाला. "रोज नाही देता यायची. वेळ चुकली की शेठ मला काढून टाकेल."

भागाबाई चालत राहिली. भराव संपला, ओढ्याचं पाणी मागे पडलं, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाटी धरलेली असल्यामुळे पुसताही येईना. कुंदाबाईने मागून पदराचं टोक पुढे केलं.

"उद्या काय करशीन?" तिने विचारलं.

"उद्याचं उद्या. आज बेबाची वांगी पोचली पाह्यजे."

ती पोचली, आणि दुपारपर्यंत खपलीही.

उन्हं कलल्यावर सात जणी परत निघाल्या. रिकाम्या पाट्या काखेत, तोंडं मोकळी. सकाळचा प्रसंग आता त्यांच्या तोंडी चांगलाच वाढला होता. एकीच्या सांगण्यात मोटर दोन हातांवर नाही, वीतभर अंतरावर थांबली होती. बन्सीलालची नक्कल तर तिघींनी केली. पण भराव दिसायला लागला तशी बडबड कमी झाली. मोटरीची परतायची वेळही हीच होती.

आणि ती आलीच. भरावाच्या पलीकडच्या टोकाला लाल मडगार्ड दिसलं.

"आता तं तो चिडेल असन," एक जण म्हणाली.

"असू दे. आता काय वझं आहे आपल्या डोक्यावर? सकाईपेक्षा बेस उभ्या राहू," दुसरी म्हणाली.

 भराव चढायला पाच-सात पावलं राहिली होती. भागाबाईने लुगड्याचा ओचा वर खोचला, वहाणा हातात घेतल्या आणि रस्त्यावरून सरळ चिखलात उतरली. घोट्याच्या वर आत गेली.

"अवं! हे काय?" कुंदाबाई चाट पडली. "सकाई मराले उभी राह्यली न् आता भोंगा वाजन्याच्या आंधी उतरली?"

"सकाई भरेल होतो आपन. आता रिकाम्या आहोत."

"पन त्याले वाटीन ना, भ्याली म्हनून!"

"त्याले जे वाटाचं ते वाटू दे. उतरा."

एकेक जण कुरकुरत उतरली. कुंदाबाई सगळ्यांत शेवटी. सात जणी चिखलात रांगेने उभ्या राहिल्या, आणि मुरमाचा सगळा पट्टा मोटरीसाठी मोकळा झाला. भागाबाईने मान ताठ ठेवली होती. पाय मात्र गार पडत चालले होते, आणि मनात नाही म्हटलं तरी धाकधूक होतीच. त्याने हसून भोंगा वाजवला आणि चिखल उडवत निघून गेला, तर उद्या पुन्हा उभं राहायला तोंड उरणार नव्हतं. हे तिला कळत होतं. पण वाट कशाच्या जोरावर मागितली होती, तेही तिला कळत होतं.

मोटर भरावावरून येत राहिली. भोंगा वाजला नाही. जवळ आल्यावर लोटनचं तोंड दिसलं. तो चिखलात उभ्या असलेल्या बायकांकडे बघत होता, त्यांच्या काखेतल्या पाट्यांकडे बघत होता. त्याच्या मागे एकही माणूस नव्हतं. टपावर गठ्ठा नव्हता. बाजारकरी सगळे भादलीला मुक्कामी राहिले असावेत.

भराव संपून रस्ता शेताच्या पातळीला आला. तिथे लोटनने चाक वळवलं. समोर सगळा रस्ता मोकळा असताना मोटर दुसऱ्या अंगाला मुरमावरून खाली उतरली, चारही चाकांनी, आणि काळ्या मातीत दहा हात जाऊन थांबली.

इकडे चिखलात बायका, तिकडे चिखलात मोटर, आणि मधे रस्ता रिकामा.

 लोटनने मोटर पुढे काढायला पाहिली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, मातीचे गोळे उडाले, आणि मोटर आणखी वीतभर खाली बसली. त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून चाकांकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे बघितलं.

"काय झालं, भाऊ?" भागाबाईने विचारलं. "रस्ता तं मोकया होता."

लोटनने कपाळावरचा घाम पुसला. सकाळची त्याची शहरी मराठी कुठे गेली होती कोण जाणे, तोंडात धुळ्याकडची अहिराणी आली होती.

"मना बाप बी गाडीच हाकत व्हता, अक्का. धुयाकडे. आमनाकडे बी हाईच रीत शे." त्याने मोटरीच्या रिकाम्या बाकांकडे हात केला. "आते मी बी रिकामाच शे ना."

कुंदाबाईला हसू आवरेना, तिने पदर तोंडात धरला. भागाबाई हसली नाही.  तिने रुतलेला एक पाय उपसला, मग दुसरा. रस्त्यावर चढून आपली रिकामी पाटी आणि वहाणा मुरमावर मधोमध ठेवल्या. मग दुसऱ्या बाजूला उतरून मोटरीच्या मागच्या पत्र्याला दोन्ही तळवे टेकवले.

"उभ्या काय राह्यल्या वं?" ती मागे वळून म्हणाली. "चला, हात लावा."