एक आरा कोरा

रंग द्यायच्या आधी लाकूड दाखवायचं, हा आयर्लंडातल्या अथाय गावच्या गाडीवाल्यांचा जुना रिवाज. जो गाडीवर बसणार त्याने कोऱ्या चाकाच्या एकेका आऱ्यावरून हात फिरवायचा, मगच मॅलकी टियर्नी ब्रश भिजवायचा. रंगाखाली काय काय दडतं, हे चाळीस वर्षं रंग दिलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

इंग्रजांची मोटार मात्र घाईत आली. शर्यत गुरुवारी आणि आज मंगळवार. इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतींना बंदी, म्हणून साहेबलोक आयर्लंडात उतरले होते. धुरळ्यातून लांबूनही कोण कुठला ते कळावं म्हणून देशांनी रंग वाटून घेतले होते. फ्रेंचांचा निळा, जर्मनांचा पांढरा, अमेरिकनांचा लाल. इंग्रजांनी आयर्लंडचे आभार म्हणून हिरवा घेतला. आयरिश बंडाची खूण असलेल्या ज्या हिरव्या फितीपायी मॅलकीच्या आजोबांनी इंग्रज शिपायांचा मार खाल्ला, तोच रंग आता साहेबांना गोड लागत होता.

जुना रंग खरवडताना मागच्या डाव्या चाकापाशी मॅलकीचा हात थबकला. एका आऱ्याला चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ भेग होती, केसाएवढी, पण नख आत जात होतं. मोटारीची व्यवस्था बघणारे पेटिफरसाहेब वाकूनही बघायला तयार नव्हते. नवं चाक येईपर्यंत शर्यत संपेल, म्हणाले, रंगाचा जाड हात दे. चालवणारा गडी तर थेट गुरुवारीच यायचा होता.

त्याच्या शेजारी बसून तेलाचा पंप मारायला फिंटनला घेतलं होतं. फिंटन म्हणजे मॅलकीचा जावई, सायकल दुरुस्तीच्या दुकानातला. न्यूलाशी लग्न होऊन त्याला चार महिने झाले होते, आणि हिरव्या मोटारीत आपला माणूस बसणार म्हणून सारं गाव फुशारलं होतं. मॅलकीने त्याचा हात धरून भेगेवर टेकवला.

"मी उतरलो तर साहेब दुसऱ्या कुणाला बसवेल, मामा. भेग तिथेच राहणार."

"राहू दे. तू तिथे नसशील."

"आणि गावात काय सांगू? सासऱ्याने घरी बसवलं?" फिंटन हसला आणि निघून गेला.

मॅलकीला राग आला, भीतीही वाटली. त्याने सगळी मोटार हिरवी केली, तेवढा एक आरा कोरा ठेवला. चालवणारा आंधळा तर नसेल, विचारेलच. न्यूलाला त्याने हे सांगितलं तेव्हा ती बापाच्या गळ्यात पडली, आणि त्या समाधानात तो रात्री पोटभर जेवला.

गुरुवारी सकाळी तिला प्रेक्षकांच्या बाकावर बसवून तो सुरुवातीच्या रेघेपाशी गेला. चालवणारा चष्मा चढवून बसलाच होता. मागचं डावं चाक सगळं हिरवं होतं. मॅलकीने अंगठा लावला तर रंग चिकट होता. ब्रश लाकडाच्या रेषांना आडवा ओढलेला, रंगाऱ्याचं काम नव्हे ते. त्याने वर पाहिलं. फिंटनच्या नखांत हिरवा रंग होता, आणि तो दुसरीकडे बघत होता. मॅलकी ओरडला, पण इंजिनाच्या धडधडीत ते त्याचं त्यालाही ऐकू गेलं नाही. शिपायाने त्याला मागे ओढलं. निशाण खाली आलं.

तो बाकावर येऊन बसला. न्यूला मात्र पहिल्या फेरीला उभीच राहिली. धुरळा दिसला की ती रंग सांगायची. पांढरी. निळी. मग हिरवी आली आणि तिने बापाचा दंड घट्ट आवळला. लाल आली.

दुसऱ्या फेरीला पांढरी आली. निळी आली. मग बराच वेळ रस्ता मोकळा राहिला, आणि त्यानंतर लाल आली. पुन्हा पांढरी आली तेव्हा न्यूलाने रंग सांगणं सोडून दिलं होतं.

"बाबा," रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "तुम्ही तो आरा कोराच ठेवला होता ना?"

"हो," मॅलकी म्हणाला आणि त्याने हिरवा अंगठा खिशात घातला.